न झिजलेली चाकं

ह्यूस्टन बंदरातल्या ट्रकवाल्यांना अर्लीन भाड्याने ट्रेलर द्यायची. सहा महिन्यांनी टायर तपासायला ती चर्चमागच्या मैदानात गेली, तर तिथे उभ्या असलेल्या, ट्रकवाल्या इव्हेलियोने नेलेल्या ट्रेलरची चाकं झिजलीच नव्हती. ती चक्रावली. “माल वाहतोस की नुसता मिरवतोस?” इव्हेलियो ट्रेलरच्या दारापुढून हलेना. “चोरीचा माल आहे का रे?” म्हणत त्याला बाजूला सारून तिनेच दार उघडलं. आत पलंग, शेगडी, खिळ्यांवर कपडे आणि मक्याच्या भाकऱ्या थापणारी त्याची बायको. “पुरात घर गेलं, ताई,” तो पुटपुटला. “ट्रेलर मिळाला, दुसरं घर नाही मिळालं.” ट्रेलर मालासाठी असतो, माणसांसाठी नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोने एकुलती एक खुर्ची पुसून पुढे केली. “बसा. कॉफी टाकते.” आपण पाहणीला आलोय की पाहुणी म्हणून, हेच अर्लीनला उमगेना. दारातच तिने चिखलाचे बूट काढले.