परवलीचा शब्द

"नाही सांगणार," वडील म्हणाले.

तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. फोन तिचा नव्हता. ओळखपत्राच्या कचेरीत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून तिचा फोन दारावरच्या लाकडी खणात पडला होता. हा खिडकीतल्या बाईंचा, वेटोळ्या वायरचा, आणि तोही त्यांनी तोंड वाकडं करून पुढे सरकवलेला. नशीब, वडिलांचा नंबर तिला पाठ होता.

"बाबा, मी बोलतेय. तुमच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा."

"आलेत. पण कोणालाही द्यायचे नाहीत. तू मागितलेस तरी आधी शब्द विचारायचा. कोण म्हणालं होतं?"

तीच म्हणाली होती. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ज्या हॉस्पिटलात झालं, तिथल्या कॉम्प्युटरमधून महिन्यापूर्वी सगळ्या रुग्णांची माहिती चोरीला गेली. नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, सही, सगळं. गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा चोरांनी सोडला नाही. "त्याचं काय करणार ते? माझ्या गुडघ्याने चालणार?" वडिलांनी विचारलं होतं. "काहीही, बाबा," असं म्हणून तिने त्यांची शिकवणीच लावली. सगळे पासवर्ड बदला. अनोळखी माणसाला काही सांगू नका. आवाजावर जाऊ नका, हल्ली आवाजही हुबेहूब काढतात. मीच आहे हे कळायला एक परवलीचा शब्द ठेवा.

शिकवणी फोनवर चालायची आणि फोन नेमका ती कामात असताना यायचा. ती कवळ्या बनवायची. एका हातात मेण, दुसऱ्या हातात कोणाचा तरी खालचा जबडा, मान वाकडी करून खांद्याशी धरलेला मोबाइल. "शब्द कोणता ठेवू?" वडिलांनी एका दुपारी तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, काहीही ठेवा हो, माझे हात भरलेत. "आणि तू चुकलीस तर?" तीनदा चुकलं की फोन ठेवून द्या. "बरं. लिहून ठेवतो." कोणता शब्द लिहिला, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी दहा मिनिटं गेली असती.

आज सकाळी वडिलांच्या मोबाइलवर संदेश आला होता. तुमच्या ओळखपत्राला जोडलेला मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज मिळाला आहे; अर्ज तुमचा नसल्यास एकच्या आत हरकत नोंदवा. अर्ज वडिलांचा नव्हता. नंबर बदलला की पुढचा प्रत्येक आकडा चोराच्या मोबाइलवर जाणार होता. बँक, पेन्शन, राहत्या घराचे कागद, सगळं त्या एका नंबराला बांधलेलं. वडिलांना जिना उतरवत नव्हता. म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली आणि दोन तास रांगेत उभी राहिली.

"पाच मिनिटं राहिलीत," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "एकला यंत्रणा आपोआप बंद होते. मग माझ्याही हातात काही नाही."

तिने आईचं नाव घेतलं.

"नाही. एक."

वडिलांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "लिफ्ट," ती म्हणाली.

"नाही. दोन."

"बाबा, शब्द राहू द्या. तुम्हाला माझा आवाज ओळखू येत नाही?"

"आवाजावर जायचं नाही. हे बघ, दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. आत मालक असो नाही तर चोर."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. तिने राग गिळला आणि जमेल तितका आवाज मऊ केला.

"बाबा, ऐका ना. तुम्ही किती समजूतदार आहात. माझ्यासाठी एवढं कराल ना?"



"आता तर मला खात्रीच पटली," वडील म्हणाले. "माझी मुलगी माझ्याशी असं बोलत नाही. ठेवतो मी."

"ठेवतो काय? सकाळपासून इथे पाय मोडून उभी आहे मी, तुमचं घर जायची वेळ आली आहे, आणि मी तुमची मुलगी नाही? काहीही काय बोलताय बाबा!"

सगळी कचेरी तिच्याकडे बघू लागली. रिसीव्हरमध्ये खरखर झाली. ठेवला, तिला वाटलं. संपलं.

"चार," वडील म्हणाले. "नऊ. शून्य. घेतेयस ना लिहून? दोन. दोन. सात."

तिने आकडे तळहातावर लिहिले आणि हातच खिडकीत घातला. बाईंनी ते बघून एकेक कळ दाबली. एकला दोन मिनिटं कमी असताना हरकत नोंदली गेली. रिसीव्हर अजून कानालाच होता.

"बाबा, पण शब्द कोणता होता?"

"आत्ता म्हणालीस की. तूच ठेवायला सांगितला होतास, काहीही. मी म्हटलं बरं झालं, हा शब्द तू विसरायची नाहीस. माझ्याशी बोलताना तुझ्या तोंडात पहिला तोच येतो."