चुंबकी पट्टा

आदिनाथशी लग्न व्हायला वीस दिवस उरले होते. शालूत पोट दिसू नये म्हणून होणाऱ्या सासूबाईंनीच ऋतुजाला सोलापूरच्या क्लिनिकमध्ये आणलं होतं. ती खाटेवर आडवी झाली. नर्सनं स्नायू आवळणाऱ्या चुंबकी मशीनचा पट्टा पोटावर बांधला आणि विचारलं, “अंगात रॉड, स्क्रू काही नाही ना? धातू असला तर धोका असतो.” अपघातानंतर मणक्यात बसवलेल्या स्क्रूंबद्दल अक्षता पडेपर्यंत बोलायचं नाही, असं आईनं ऋतुजाला बजावलं होतं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. नर्सचा हात बटणाकडे गेला. “थांबा!” ऋतुजा ओरडली. “मणक्यात चार स्क्रू आहेत.” सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “पोरी, आमच्या आदिनाथला फिट येत्यात. ते बी तुला कुणी सांगितलं न्हाय.” ऋतुजा पट्टा सोडून उठून बसली. “त्यांना बोलवा, काकू. काय ते अक्षता पडायच्या आधीच बोलू.”