न बोलणारा ट्रान्समीटर

विमान झाडात गेलं. थेट शेंड्यात, नाक वर करून. पण हे अजून घडलेलं नाही असं धरून चालू, कारण दुकानात उभे असलेले नवराबायकोही तसंच धरून चालले होते.

नवरा पूर्वी इस्पितळाची लिफ्ट चालवायचा. वर आणि खाली, एवढंच उड्डाण. पण टोपी होती, म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. बायको तिथेच नर्स, म्हणून सिस्टर. लग्न ठरल्यावर कॅप्टननी तिला सिस्टर म्हणणं बंद केलं, तेही जरा उशिराच. निवृत्तीनंतर कॅप्टन मॉडेल विमानं उडवू लागले आणि सिस्टर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून विणू लागल्या.

अलीकडे कॅप्टनचे हात थरथरत. मागच्या महिन्यात त्यांचं विमान क्लबच्या सेक्रेटरीच्या जेवणाच्या डब्यात उतरलं. डबा उघडा होता. म्हणून आता रविवारी कमिटीसमोर चाचणी: एक फेरी, एक लँडिंग. चुकले तर परवाना रद्द, मैदानावर फक्त बघे म्हणून यायचं.

"त्यापेक्षा जिना चढेन," कॅप्टन म्हणाले. लिफ्टवाल्याच्या तोंडी याहून मोठी शिवी नसते.

"हाताचं काही होणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "ट्रान्समीटर बदलू."

ट्रान्समीटर म्हणजे विमान चालवायची हातातली पेटी. दोन दांड्या, थोडी बटणं. कॅप्टनना दुकानातली सगळ्यात मोठी आवडली. "अगं, बटणं बघ याला! अख्खं इस्पितळ चालेल."

"तुम्ही जरा तिकडे विमानांचे पंखे बघा," म्हणत सिस्टरनी त्यांना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं आणि दुकानदाराला विचारलं, "हा बोलतो का?"

"बोलतो ना, काकू! बॅटरी उतरली की सांगतो, वेळ संपली की सांगतो..."

"नको. घरात एक आहे तसा."

दुसरा ट्रान्समीटर हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि दांड्या फिरवून पाहिल्या. मग तिसरा. रंग बघून घेणारे, रेंज बघून घेणारे, शेजाऱ्याकडे कुठला आहे ते बघून घेणारे, सगळे दुकानदाराने पाहिले होते. डोळे मिटून घेणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यानंतर सिस्टरनी विणकामाची पिशवी काढली आणि एकेक पेटी आत बसते का ते पाहू लागल्या.

"काकू, नक्की काय हवंय?"

"गुरू-चेल्याची जोडी असते ना? बिनवायरची?"

असते. शिकवण्यासाठी. विमान गुरूच्या पेटीवर चालतं. गुरूने बटण दाबून धरलं तरच ते चेल्याच्या हातात जातं. बटण सोडलं की परत गुरूकडे.

"आणि गुरूने बटण दाबलंच नाही, तर चेल्याला कळतं?"

"त्याचे दिवे लागलेलेच असतात. तो आपला दांड्या फिरवत बसतो."

"बांधा."

"चेला केवढा आहे?"

पंख्यांना फुंकर मारून फिरवत बसलेल्या कॅप्टनकडे सिस्टरनी पाहिलं. "हट्टी आहे," त्या म्हणाल्या.

रविवारी कॅप्टन टोपी घालून मैदानात उभे राहिले. हातात नवी पेटी, दिवे लागलेले. मागे खुर्चीवर सिस्टर, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीत. कमिटीला त्यात वावगं काही दिसलं नाही. वर्षानुवर्षं त्या अशाच बसत. बोटं पिशवीत, डोळे आभाळात. त्यांच्या स्वेटरला कधीकधी तीन बाह्या येत त्या यामुळेच. शिवाय दुपारी कॅप्टन झोपले की कॉम्प्युटरवरचं त्यांचं सरावाचं विमान कोण उडवतं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

विमान उठलं. कॅप्टनची बोटं दांड्यांवर नुसती नाचत होती, आणि विमान मात्र सुईत ओवल्यासारखं सरळ. कमिटी टाचा उंचावून बघू लागली. मांडीवर घट्ट धरलेल्या डब्याचं झाकण सेक्रेटरीने विश्वासाने उघडलं.

फेरी पुरी झाली. राहिलं लँडिंग.

"सिस्टर," कॅप्टन मागे न वळता हळूच म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच. "बटण दाब."

पिशवीची हालचाल अडखळली. "कसलं बटण?"

"जन्मभर लिफ्ट चालवली. बटण आपण दाबलंय की दुसऱ्या मजल्यावरून कुणी, पोटाला कळतं."

"अहो, पास होताय. गप उभे राहा."

"तू पास होतेयस. मी नुसता उभाय. दे इकडे."

"पडेल ते."

"पडू दे. माझ्या हाताने पडू दे."

नस सापडेपर्यंत सिस्टर जसा श्वास धरायच्या, तसा त्यांनी धरला. आणि बटण दाबलं.

विमान लगेच थरथरायला लागलं, अगदी कॅप्टनसारखं. कॅप्टननी ते धावपट्टीकडे आणलं. पट्टी चुकली. त्यांनी दात-ओठ खाऊन पुन्हा वळवलं. पुन्हा चुकली. सेक्रेटरीने झाकण लावून टाकलं. तिसऱ्या वळणाला विमान नाक वर करून झाडाच्या शेंड्यात जाऊन बसलं. तोवर सिस्टरनी बटणावरचा अंगठा एकदाही उचलला नाही.

"परवाना रद्द," सेक्रेटरी म्हणाला. "काही म्हणायचंय?"

कॅप्टननी टोपी सरळ केली आणि मजले पुकारायचा ठेवणीतला आवाज काढला.

"सदर फेरी अर्जदाराच्या पत्नीने मारलेली असून लँडिंग मात्र अर्जदाराने स्वतः केलेले असल्यामुळे, सदर झाडाच्या शेंड्यास विमान उतरवण्याची अधिकृत जागा म्हणून आजच्या तारखेपासून मान्यता मिळावी, ही नम्र विनंती."