लाल पट्टीचे उंदीर

“मामा, खरं सांगा. बाटल्यांची अदलाबदल झाली ना?”

मामा पिंजऱ्यातला ओला भुसा खरवडत होता. हातातलं काम न थांबवता तो म्हणाला, “बाई, बावीस वर्षं उंदीर सांभाळतोय. नातवंडांची नावं चुकतील, पण माझ्याकडून बाटली चुकायची नाही.”

एरवी ती हसली असती. आज हसली नाही.

सगळी संस्था त्याला उंदीरमामा म्हणायची. तो तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा. ती अजून डॉक्टर झाली नव्हती, आणि व्हायला हा एकच प्रयोग उरला होता.

दोन पिंजरे, प्रत्येकात दहा पांढरे उंदीर. कोंडून, दचकवून सगळ्यांना आधी उदास केलेलं. मग निळ्या पट्टीच्या पिंजऱ्याला पाण्यातून उदासीवरचं औषध आणि लाल पट्टीच्या पिंजऱ्याला नुसतं पाणी. काही आठवड्यांनी भूल देऊन प्रत्येकाच्या पाठीवर एक बारीक जखम. उदास जिवाची जखम रेंगाळते, कारण अंगातली रोगाशी लढणारी फौज सुस्तावते, असं तिचं म्हणणं. औषधानं मन सावरलं की फौजही उठून कामाला लागते का, एवढंच तिला दाखवायचं होतं.

निळ्यांच्या जखमा नऊ दिवसांत भरल्या. ती नाचायचीच काय ती बाकी होती. लालांना पंधरा दिवस तरी लागायला हवे होते. तिनं लाल पिंजरा उघडला, तर त्यांच्याही पाठी साफ.

“म्हणजे औषध दिलं काय न् न दिलं काय, सारखंच!” ती स्टुलावर मटकन बसली. “सोमवारी मोठे सर येणार. गुंडाळा म्हणतील. तीन वर्षं गेली, मामा.”

“निळ्यांच्या औषधाचा एक थेंब इकडे आलेला नाही. ती बाटली तुम्हीच भरता, मी हातसुद्धा लावत नाही.” एवढं बोलून मामा दणदणीत शिंकला. रुमाल ओढताना खिशातली गोळ्यांची पट्टी खाली पडली.

तिनं ती उचलून दिली. मामी गेल्यावर लेकीनं त्याला डॉक्टरकडे नेलं होतं, तेव्हापासून ही पट्टी त्याच्या खिशात असायची.

“तुम्ही आणि निळे एकाच गोळीवर,” ती म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा किंचित हसली. “पण तुमची सर्दी काही हटत नाही. आणि तो अंगठा? पिंजऱ्याचं दार लागून महिना झाला ना?”

“म्हातारं कातडं, बाई. तुमच्या उंदरांसारखं कोवळं थोडंच आहे?”

दुपारी लेकीचा फोन आला. रोज यायचा.

“बाबा, गोळ्या चुकवत नाही ना?”

“एकही वाया जाऊ दिली नाही. पट्टी संपत आली, नवी पाठव.”

“वा! आवाज कसा खुशीत आहे.”

“खुशीत नसायला काय झालं? वीस जणांचं कुटुंब आहे माझं.”

सोमवारी मोठे सर आले. माणूस कमी बोलणारा. त्यांनी वह्या चाळल्या, पिंजऱ्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून सकाळभर नुसते बसून राहिले. डॉक्टरीणबाईचा चेहरा कागदासारखा झाला होता.

मामाचं मात्र नेहमीप्रमाणे चाललं होतं. त्याचं स्टूल खिडकीशी, लाल पिंजऱ्याला लागून. निळा पिंजरा काचेपलीकडे, हवेच्या घरघरणाऱ्या यंत्राजवळ. मामा दाणे निवडत लालांशी गप्पा मारत होता. “ए ढब्बू, सरक बाजूला, त्या बारक्याला खाऊ दे. काय रे, लग्नाला निघालास का एवढ्या मिशा साफ करून?”

बारा वाजता सर ताडकन उठले.

“हा माणूस रोज असंच बोलतो यांच्याशी?”

“रोज, सर,” ती घाबरत म्हणाली. “मी त्यांना सांगते गप्प...”

“गप्प कशाला? अहो, तुमचा प्रयोग फसलेला नाही! निळ्यांना औषधानं सावरलं आणि लालांना या माणसाच्या सोबतीनं. दोन्हीकडे फौज उठली!”

मग काय विचारता! तासाभरात सगळी संस्था उंदीरघराच्या दाराशी. चहा झाला, टाळ्या झाल्या. सरांनी मामाला पाठ टेकायची नवी खुर्ची मंजूर केली. पुढच्या प्रयोगात आणखी एक पिंजरा बंद खोलीत राहील आणि त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलणार नाही, असंही ठरलं.

“बिचारे,” मामा पुटपुटला.

“मामा, मी डॉक्टर होणार!” तिनं त्याचे दोन्ही हात धरले, अंगठ्याची पट्टी सांभाळून. “प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव. तुमच्या जिभेत औषध आहे!”

“मामीला हे ऐकवायला हवं होतं. ती म्हणायची, तुमची बडबड ऐकून डोकं उठतं.”

पाच वाजता ती उड्या मारत घरी गेली. मामानं दार लोटलं आणि बाटल्या भरायला घेतल्या. निळ्यांच्या बाटलीला, नियमाप्रमाणे, त्यानं हात लावला नाही. लालांची बाटली पाण्यानं भरली. खिशातली पट्टी काढली, आजची गोळी चमच्याखाली चुरडली आणि ती पूड बाटलीत टाकून नीट खळखळवली.

“त्यांना औषध आणि तुम्हाला नुसतं पाणी?” शिंक आवरत तो लाल पिंजऱ्याला म्हणाला. “तुम्ही काय कुणाचं घोडं मारलंय?”