भरून वाहणारा हंडा

मस्कतला लेकीकडे आलेल्या माईंचे परतीचे दोनच दिवस उरले होते. वृंदा त्यांच्या बॅगेत खजूर कोंबत होती. बदलापूरला, कात्रपच्या घरी, शरदचंद्र एकटेच होते. आणि घरी नुकताच बसवलेला फोन ते कालपासून उचलत नव्हते.

"पाणी भरत असतील गं आई. नळ आला की दारात देव उभा राहिला तरी बाबांना दिसत नाही."

माई हसल्या, पण डोळे लपवायला स्वयंपाकघरात गेल्या.

तिथला बंद नळ गुरगुरला. इथे पाणी दिवसरात्र. नळ गुरगुरायचं कारणच नाही. कात्रपला मात्र पाणी येण्याआधी तो असाच घशातून हवा काढतो. मग धार लागली. सिंकमध्ये थेंब नव्हता, आवाज तेवढा नळाच्या आतून येत होता: तांब्याच्या हंड्यात पडणारी धार, आधी पोकळ, मग भरत भरत जड.

माईंनी तो आवाज संसारभर ऐकला होता. हंडा गळ्याशी आला की शरदचंद्र नळ बंद करायचे. थेंब सांडू द्यायचे नाहीत.

हंडा भरला. भरून वाहू लागला. पाणी तिकडच्या फरशीवर पसरताना ऐकू येत राहिलं, आणि नळ कुणी बंद करेना.

"अहो," माई नळापाशी वाकून म्हणाल्या, "बंद करा ना हो. सांडतंय सगळं."

धार चालूच. शेवटी त्यांनी इथलाच, आधीच बंद असलेला नळ घट्ट पिळला.

तिकडची धार थांबली.

आणि त्या शांततेतून, पाण्याखालून यावा तसा, ओळखीचा आवाज आला, "आलीस?"