दोनशेला किती?

बारामतीच्या बाजारात म्हस्कूनं विणलेलं घोंगडं चाचपत पुण्याची बाई म्हणाली, "पाचशे? मेंढीची लोकर तर आहे नुसती! दोनशे देईन."

म्हस्कूची बायको भामाबाई हसली. "द्या की. कातरणं, पिंजणं, सूत, खळ, इणकाम, सगळ्याचं मिळून पाचशे हायेत. दोनशेला कुठवर उसवू, तेवढं सांगा." आणि तिनं काठाचा दोरा ओढायला सुरुवात केली.

म्हस्कू तिचा हात धरायला पुढं झाला. आठ दिवस तो मागावर वाकला होता.

चौथा दोरा निघताच बाईनं घाईघाईनं पाचशे दिले आणि घोंगडं छातीशी धरून ती निघून गेली.

म्हस्कू चिडला. "चांगलं इणलेलं उसवतीस व्हय गं?"

"अवो, काठाचे फालतू दोरे काढायचंच राह्यलं हुतं. बाईच्या देखत काढलं, एवढंच."