साहेबांची शिकवणी

साहेबांनी तिच्या अंगठ्याखालचं मांस चोचीत धरलं होतं. तिने हात मागे घेतला नाही. तोंडातून हूं काढलं नाही. नाकाने श्वास घेत ती पिंजऱ्यामागच्या भिंतीकडे बघत राहिली.

चोच सुटली. दुसऱ्या हातात सूर्यफुलाची बी होती, ती तिने दिली नाही. बी चावल्यावर नाही, न चावल्यावर द्यायची.

चार वर्षांची ठकू दारात फतकल मारून सगळं बघत होती.

"दुखलं?"

"दुखलं गं. पण ओरडायचं नाही. ओरडलं की साहेबांना मजा वाटते, मग ते जास्त चावतात. हात झटकायचा नाही. शहाण्यासारखे वागले की खाऊ द्यायचा. शिकतील. वेळ लागतो."

ठकूने मान डोलावली आणि आईच्या अंगठ्यावर फुंकर घातली.

साहेब म्हणजे सासऱ्यांचा काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा. नाव त्यांनीच ठेवलं होतं. जन्मभर साहेबांची बोलणी खाल्ली, आता साहेब माझ्या हातचं खातात, म्हणायचे. सासरे गेले आणि साहेबांचं डोकं फिरलं. दिसेल त्या हातावर तुटून पडू लागले. नवऱ्याच्या कानाच्या पाळीचा लचका तोडला, तेव्हा नवऱ्याने निर्वाणीचं सांगितलं. पक्षीवाला येऊन घेऊन जाईल. चावऱ्या पक्ष्यांचं पक्षीवाला काय करतो, ते दोघांनाही माहीत होतं. तिने महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. शेवटच्या आजारात बोलणं बंद झाल्यावर सासऱ्यांनी तिला जवळ बोलावून नुसतं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं होतं. ते बोट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी रीत समजावून दिली होती. कामावरून आली की स्वयंपाकाला लागण्याआधी ती पिंजऱ्यापुढे बसे. ठकू शेजारी. तिला सांगता सांगता ती स्वतःलाच धीर देई.

चष्म्याच्या दुकानात ती भिंगं तपासायची. उजेडापुढे धरून, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही असा ओरखडा हुडकून काढायची. मालक म्हणायचे, घारीची नजर आहे बाईंची. तिची पाळी सकाळची. ठकूची आंघोळ बाबाकडे. बाबाची आंघोळ म्हणजे दोन तांबे आणि "झालं, पळ." मग तो ठकूला पाळणाघरात सोडून कामावर जाई.

पूर्वी पाळणाघराच्या दारात रोजचा तमाशा असे. ठकू बाबाच्या पायाला मिठी मारून भोकाड पसरायची. आताशा मुकाट्याने आत जात होती. परवा संध्याकाळी तिला न्यायला गेल्यावर पाळणाघरातल्या काकूंनी मुद्दाम थांबवून सांगितलं. गुणी झालीय हो तुमची लेक, नुसतं बघितलं तरी गप्प बसते. तिला भरून आलं. ठकूची भूकही वाढली होती. डब्यात जास्तीची बिस्किटं मागायची, आणि डबा लख्ख रिकामा परत यायचा. पोरीच्या अंगी लागतंय, असं तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, घरातली एक हट्टी तू वळणावर आणलीस, आता साहेब आणि मी तेवढे उरलो.

ठरल्या रविवारी सकाळी पक्षीवाला झाकलेला पिंजरा घेऊन दारात उभा राहिला. नवरा घड्याळाकडे बघत होता. तिने साहेबांचं दार उघडलं आणि तळहातावर बी ठेवून हात आत घातला.

तुरा ताठ उभा राहिला. पिसं फुलली. ती हलली नाही. ठकूही श्वास रोखून बसली होती.

तुरा हळूहळू खाली आला. साहेबांनी मान तिरकी केली, चोचीच्या टोकाने बी अलगद उचलली, फोडली, टरफल थुंकलं. मग एक पाय तिच्या मनगटावर ठेवला. मग दुसरा.

पक्षीवाला चहा पिऊन रिकाम्या पिंजऱ्यानिशी परत गेला. नवऱ्याने तिच्यापुढे कोपरापासून हात जोडले.

आज ठकूला मीच न्हाऊ घालते, ती म्हणाली. तिला कुणाचे तरी खूप लाड करावेसे वाटत होते. तिने पाणी ऊन केलं, ठकूचे केस चोळून चोळून धुतले, गाणं गुणगुणत तिचा हात काखेत साबण लावायला वर उचलला.

गाणं थांबलं.

दंडाच्या आतल्या बाजूला डाग होते. काही काळेनिळे, काही जुने, पिवळट पडलेले. दोन ताजे होते. त्यांच्या कडेला नखांच्या बारीक कोरी उमटलेल्या. तिने तो दंड खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली.

"साहेब चावले तुला?"

ठकूने नाही म्हणून मान हलवली. "काकू चिमटे काढतात. झोप आली नाही की. भात सांडला की."

"मग तू ओरडली का नाहीस गं? आईला सांगितलं का नाहीस?"

ठकू तिच्याकडे बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट आईला कशी कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिने ओल्या हाताने आईचा पट्टी बांधलेला अंगठा थोपटला.

"ओरडायचं नसतं. मी हातपण नाही झटकत. चिमटा नाही काढला, की माझं बिस्कीट देते त्यांना," ती म्हणाली. "शिकतील काकू. वेळ लागतो."